छताचा फोटो

माळावरच्या वस्तीत गेलो की ती म्हातारी अजूनही माझ्यासाठी उंबऱ्याच्या आत पोतं अंथरते. मी बसतो, चहा पितो आणि तिच्या नातीच्या पायाकडे बघायचं टाळतो. का, ते आता लिहून ठेवतो आहे.

आमचा कारंजा गावाजवळ भाजीचा मळा आहे. उरलेल्या वेळात मी एका लहानशा संस्थेचं काम करतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे कागद जमवायचे. आधी रेशनकार्ड, मग जागेची नोंद, शेवटी घरकुल.

म्हातारीच्या घरात मुलगा, सून आणि दोन वर्षांची नात. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येई आणि चौघंही निघत. मागं उरे पऱ्हाटीच्या काड्यांचा कूड आणि चार पत्रे. उन्हाळ्यात परत यावं तर पत्रे गेलेले असत, कुडाच्या काड्याही कुणीतरी चुलीत घातलेल्या असत. घरकुलाची यादी करायला सरकारी माणसं येत तेव्हा हे लोक गावात नसत. तोडगा मीच काढला. घर म्हातारीच्या नावावर करायचं आणि छत चढेपर्यंत तिनं इथंच थांबायचं. प्रत्येक टप्प्याला मालकाला घरापुढे उभं करून फोटो काढतात, त्याशिवाय पुढचा टप्पा मंजूर होत नाही.

पायाच्या फोटोला ती नवं लुगडं नेसून आली. फोटो काढायला आलेल्या सरकारी साहेबांनी तिला जोत्यापाशी सरळ उभं केलं तशी मला म्हणाली, "काहो भाऊ, या भिताडासंगं माह्यं लगन लावून राह्यले का तुमी?" सगळे हसले. सून हसली नाही. ती पोरीला कडेवर घेऊन बघत होती.

दिवाळीपर्यंत भिंती उभ्या राहिल्या. गाडी यायच्या आदल्या दिवशी म्हातारीनं मला गाठलं.

"मी इथं राह्यली तं पोरीले कोन पाहीन?"

दरवर्षी तिचं काम तेच होतं. मुलगा-सून अंधारातच फडात जात आणि ती दिवसभर कोपीत, फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, पोर सांभाळे.

"आजूबाजूच्या बाया पाहतीन की," मी म्हणालो.

"बाया बी फडातच राह्यतेत, भाऊ. कोपीत कोनी नसते. मंग लेकराले लुगड्यानं खांबाले बांधून जातेत. म्या पाह्यलं हाये."

"पत्रे चढले, फोटो झाला की आठ दिवसांत तुले एसटीत बसवून देतो, माय. मी सोता."

"आठ म्हंजे आठच ना?"

"आठच."

गाडी गेली. संध्याकाळी माझ्या फोनवरून ती मुलाशी बोले. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज एकदम बारीक झाला. "बांधता, तं गाठ ढिली ठेवा," ती सांगत होती. "मऊ लुगडं घ्या. माह्यं जुनं हाये ना, ते." फोन परत देताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

पत्रे चढले. साहेबांनी फोटोसाठी मंगळवार दिला; फाईल समोर असल्याशिवाय ते फोटो घेत नसत. वस्तीतल्या सगळ्यांच्या फाईली माझ्या कपाटात कुलपात असत. हरवू नयेत म्हणून मीच तशी पद्धत पाडली होती. सोमवारी संध्याकाळी फ्लॉवरचा भाव चढल्याचं कळलं. मंगळवारी पहाटे मी माल घेऊन कारंज्याच्या बाजारात गेलो. दहापर्यंत परततो असं धरलं होतं. हर्रास लांबला. खिशात फोन वाजला, साहेबांचा होता. बोली माझ्याच मालावर चालू होती. मी तो वाजू दिला.

दिवस कलताना वस्तीत पोचलो. ती नव्या पत्र्यांखाली गाठोडं बांधून बसली होती.

"साहेब आलेच नाहीत आज, माय," मी म्हणालो. "मोठी मीटिंग निघाली म्हणे."

मी फोन उचलला नाही म्हणून ते वाटेतूनच परतले असतील, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. म्हातारीनं गाठोडं दाराशी सरकवलं.

"बरं," म्हणाली. "मंग कवा येतीन?"

पुढची तारीख पंधरवड्यानंतरची मिळाली. मी येता-जाता बघत असे. गाठोडं दाराशीच होतं. तिनं ते सोडलं नव्हतं.

त्या मंगळवारनंतर अकराव्या दिवशी भर दुपारी मी पालकाच्या जुड्या बांधत होतो, तेव्हा मुलाचा फोन आला. "मायले एकदम सांगू नका," तो म्हणाला. दोघं फडात गेले होते. चुलीवर आंघोळीच्या कढत पाण्याचं भगुनं राहिलं होतं. कोपीत कुत्रं शिरलं, भगुनं लवंडलं. पोर खांबाला बांधलेली होती. तिला सरकता आलं नाही.

पालकाची जुडी हातात तशीच घेऊन मी वस्तीत गेलो आणि एकदमच सांगून टाकलं. म्हातारीनं गाठोडं उचललं. फोटोचं विचारलंही नाही. मी तिला एसटीत बसवून दिलं, कबूल केल्याप्रमाणे.

पोर जगली. उजव्या पायाची बोटं एकमेकांना चिकटली आहेत, टाच टेकत नाही. घर पुढच्या पावसाळ्याआधी पुरं झालं. संस्थेच्या बैठकीत त्याचे फोटो दाखवतात आणि मला उभं राहायला सांगतात. घर आहे म्हणून यंदा दिवाळीनंतर मुलगा-सून दोघंच गेले. नात आजीपाशी राहिली. हेही खरंच आहे.

गाडी गेल्यावर चार दिवसांनी मी म्हातारीकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती.

"माय, त्या मंगळवारी साहेब..."

"आले व्हते," ती म्हणाली. सूप हलवायचं तिनं थांबवलं नाही. "इथंच बसले. म्याच पानी देल्लं. घंटाभर तुही वाट पाह्यली. कागद नाही म्हून गेले."

इतकी वर्षं ती मला ‘तुमी’ म्हणत आली होती.

"मंग तवा बोलली काहून नाही?"

"फाईल तुह्यापाशी व्हती ना."

पोर भिंतीला धरून अंगणात उतरत होती. त्या दिवशी मात्र मी तिच्या पायाकडे पाहिलं.

"अजून चार घरं बाकी हायेत," म्हातारी म्हणाली. "ज्याचे कागद त्याले देऊन टाक. तेयचीबी लेकरं हायेत."

दुसऱ्या दिवशी सगळ्या फाईली घेऊन गेलो. तिची फाईल तिनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली, पेटीत ठेवली, किल्ली कमरेला खोचली. मग मी तीन घरी जाऊन ज्याच्या त्याच्या हातात फाईली दिल्या. चौथ्या कुडाच्या दाराला काट्या लावलेल्या होत्या. आदल्या दिवशी आलेल्या दुसऱ्या गाडीनं ते घर गेलं होतं. त्यांच्याकडे म्हातारं माणूस नाही. लहानगं तीन वर्षांचं आहे.

ती फाईल माझ्याकडेच आहे. दुपारी फोन वाजला की मी पहिल्याच रिंगला उचलतो.