कोशिंबीर वाढता वाढता

इतका चांगला सिनेमा, आणि थिएटर जवळजवळ रिकामं. पडद्यावर सगळं घर जेवायला बसलेलं. सुनेला कुणी काही विचारलं की उत्तर नवराच द्यायचा. बाकीचे हसायचे, आणि कोशिंबीर वाढता वाढता तीही थोडंसं हसायची. भांडण असं नव्हतंच कुठे. संसार किती हलक्या आवाजात मोडतो! मला त्या नवऱ्याचा राग आला, हसणाऱ्यांचा त्याहून जास्त.

बाहेर आमचे शेजारी भेटले. "काय वहिनी, कसा वाटला सिनेमा?" त्यांनी माझ्या बायकोला विचारलं.

"हिला काय, असले रडके सिनेमे आवडतातच," मी म्हणालो.

शेजारी हसले. आणि पदर सारखा करता करता बायकोही थोडंसं हसली.

घरी येईपर्यंत मला तिच्याकडे बघवेना. सिनेमा तिला कसा वाटला, ते मला अजून माहीत नाही.