रिव्हर्स नसलेली गाडी

मागच्या मे महिन्यात, एका शनिवारी सकाळी, मी पत्नीसोबत एडमंटनमध्ये मोटरसायकलचं इंजिन बसवलेली एक हलकी किट कार, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडलेली गाडी, पाहायला गेलो. बजेटमध्ये बसणारी तेवढी एकच होती. चाकाखाली ठेवायचं लिंबू पत्नीने पर्समध्ये आणलं होतं.

गाडी विकणाऱ्याच्या घरच्या गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी होती. मोटरसायकलसारखाच तिलाही रिव्हर्स गियर नव्हता; मागे घ्यायची तर ढकलायची. माझ्या कमरेचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं. शिवाय आमच्या घरी गॅरेजमधून रस्त्यावर यायला चढ आहे.

"अहो, रोज ढकलणार कोण?" पत्नीने विचारलं.

"तू."

"मग लिंबू माझ्याच पायाखाली ठेवा."

मला हसू आलं नाही. मी आत बसलो आणि तिने बॉनेटवर हात टेकून जोर लावला. सपाट फरशीवर गाडी सहज मागे सरकली. दाराबाहेर थोडा चढ होता. तिथे ती थांबली आणि हळूहळू पत्नीच्याच अंगावर येऊ लागली. मी ब्रेक दाबला.

विकणाऱ्याला मी तिथेच नकार दिला. दुपारी घरी त्या लिंबाचं सरबत झालं.