एका तांब्यात धुतलेली फिल्म

आमच्या गावी, बेंबळीत, अजूनही कुणी ना कुणी म्हणतं, मुक्ताबाई मुंबईच्या दवाखान्यात झाडलोट करायची. ऐकलं की माझं डोकं फिरतं. माझी मावशी एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायची. झाडायला दुसरी बाई होती.

बहात्तरच्या दुष्काळात मावशी खडी फोडायच्या कामावर होती. टँकर आमच्या वस्तीपर्यंत येईतो तळाला लागलेला असायचा. एका तांब्यात तीन लेकरांची तोंडं, दोन ताटं आणि वर स्वतःचे हातपाय, एवढं ती उरकायची. पुढं नवरा वारला, तशी ती मुंबईला गेली आणि दवाखान्यात चिकटली.

त्र्याऐंशी साली तिथं भूमचा शांतलिंग आला. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. थोरली बहीण शिवकांता हिनं आपलं एक देऊ केलं. "मला एक बास हाय," म्हणाली, आणि खरंच दिलं.

डॉक्टरांनी ते शांतलिंगच्या पोटात जोडलं, धमनीला लावलेले चिमटे काढून रक्त सोडलं. आता मूत्रपिंड गुलाबी व्हायला हवं होतं. ते काळंनिळंच राहिलं. रक्त आत पोचतंय की जोडावरच अडतंय, हे वरून कळेना. मग धमनीत एक्स-रेत दिसणारं औषध टोचून फोटो काढला.

"पंधरा मिनिटांत फिल्म हवी," मोठे डॉक्टर म्हणाले. "नाहीतर हे काढून टाकावं लागेल."

म्हणजे बहिणीचं दान वाया, आणि भाऊही हातचा जायचा.

एक्स-रेवाले नारायणराव फिल्म घेऊन धावत आले, तर नळाला टिपूस नाही.

"मुक्ताबाई, टाकीसुद्धा कोरडी आहे! फोटो उमटवायचं एक आणि तो पक्का करायचं दुसरं, या दोन औषधांच्या मधे फिल्म पाण्यानं धुतली नाही तर डाग पडतील. डाग कोणता नि धमनी कोणती, ओळखायचं कसं?"

"माझा प्यायचा तांब्या हाय की."

"तेवढ्यानं काय होतंय?"

"लई होतंय. तुमी दार लावा."

पहिल्या औषधातून काढलेली फिल्म तिनं कोपऱ्याला धरून तिरकी केली. वरच्या कडेवर पाण्याची बारीक धार सोडली. आधी एक बाजू, मग दुसरी. खाली निथळलेलं पाणी थाळीत धरून तेच पुन्हा फिरवलं. अर्धा तांब्या शिल्लक राहिला आणि दुसऱ्या औषधातून फिल्म निघाली लख्ख. जोडाच्या पुढं धमनी मुडपली होती. टोचलेलं औषध तिथंच थांबलं होतं.

ओली फिल्म घेऊन नारायणराव पळाले. डॉक्टरांनी धमनी सरळ केली, टाके नव्यानं घातले. रंग हळूहळू पालटू लागला, पण त्यांचा भरवसा बसेना. त्यांनी दुसरा फोटो काढला.

नारायणराव दाराबाहेर थांबले आणि आत लाल दिव्याखाली मावशी औषधाच्या थाळीवर वाकली. आधी काहीच दिसेना. मग एक जाड पांढरी रेघ उमटली, जोड ओलांडून पुढं गेली. तिला फाटे फुटले, फाट्यांना आणखी फाटे, अगदी कडेपर्यंत. डॉक्टर अजून वाट बघत होते. शिवकांता शुद्धीवर यायची होती. सगळ्या दवाखान्यात ही गोष्ट एकट्या माझ्या मावशीला ठाऊक होती. फिल्म धुवायची बाकी होती, उजेड लागला तर ती वाया जाणार म्हणून दार उघडता येत नव्हतं, आणि तिला तर दम निघेना.

"नारायणराव!" ती आतूनच ओरडली. "पोचलं हो! पार टोकापतुर रक्त पोचलं! पळा, सांगा त्यास्नी!"