हातात काहीच फरक नाही

रियाधच्या अल मलाझमध्ये, बँकांची रोकड पोहोचवणाऱ्या एका कंपनीत मी स्टोअर सांभाळायचो. गार्डांचे गणवेश, बूट, टॉर्चचे सेल, सगळं माझ्याकडे. पिस्तुलांना मात्र हात लावायची मला परवानगी नव्हती. ती सौदी गार्डांची, मी इकाम्यावरचा, म्हणजे राहण्याच्या परवान्यावरचा परका माणूस. पिस्तुलांची खोली उघडी असली की मी दारातच उभा राहायचो.

आमचे ऑपरेशन्स मॅनेजर घाटावरचे. घाटावरच्यांबद्दल आम्ही कोकणातले काय बोलतो ते इथे लिहीत नाही. साहेबांना एकसारखेपणाचं वेड होतं. आल्या आल्या त्यांनी ऑफिसातले सगळे चहाचे कप एका रंगाचे केले, आणि तेव्हापासून आम्ही एकमेकांचा उष्टा चहा पिऊ लागलो.

मग त्यांची नजर पिस्तुलांवर गेली. गार्डांकडे तोवर तीन-चार जातींची पिस्तुलं होती. साहेबांनी सगळ्यांना एकच मॉडेल दिलं, आणि सरावासाठी त्याचीच हुबेहूब भावंडं मागवली. तेच वजन, तीच मूठ, तोच ट्रिगर. फक्त गोळी बारीक आणि स्वस्त. कल्पना चांगली होती, हे मला कबूल करावं लागेल. महागड्या गोळ्यांपायी वर्षातून एकदा नेमबाजी करणारे गार्ड आता आठवड्याला करू लागले. पण साहेबांनी त्याचं कीर्तन मांडलं. मीटिंगमध्ये, जिन्यात, लिफ्टमध्ये एकच पालुपद: 'हातात काहीच फरक नाही.' त्यांचं अरबी 'यल्ला', म्हणजे 'चला', याच्या पुढे गेलेलं नसल्यामुळे हे वाक्य गार्डांना अरबीत सांगायचं काम माझ्याकडे आलं.

सरावाचं पिस्तूल ओळखू यावं म्हणून त्याच्या मुठीला लाल पट्टी चिकटवलेली असायची. एकदा मालकांकडे एका बँकेचे पाहुणे येणार होते. साहेबांनी सगळी पिस्तुलं टेबलावर हिरव्या कापडावर एका ओळीत मांडून फोटो काढायचं ठरवलं. लाल पट्ट्या त्यांच्या डोळ्यांत खुपल्या. मलमपट्टी केल्यासारखं दिसतं म्हणाले, आणि सगळ्या काढायला लावल्या. फोटो झाला तेवढ्यात दुपारच्या जोहरची अजान झाली आणि आम्ही सगळे नमाजाला गेलो. परत येईपर्यंत साहेबांनी स्वतःच्या शुभहस्ते पट्ट्या चिकटवून पिस्तुलं कपाटात लावून टाकली होती. नळीच्या तोंडाकडे पाहिलं असतं तर बारीक भोक दिसलं असतं. पण पिस्तुलाच्या तोंडाकडे पाहायचं नाही, हा नियमही त्यांचाच.

दुसऱ्या दिवशी एक गार्ड, चाळिशी ओलांडलेला, चार मुलींचा बाप, पट्टी नसलेलं पिस्तूल कमरेला लावून निघाला. इमारतीत पिस्तूल रिकामं ठेवायचं आणि मॅगझिन गाडीत बसल्यावर चढवायचं, अशी आमची पद्धत. गाडीत त्याचं खऱ्या गोळ्यांचं मॅगझिन बसेना. रोकड भरलेली, बँक वाट बघतेय. त्याने फोन केला. साहेबांनी माझ्यामार्फत उत्तर दिलं की नवीन आहे, घट्ट असेल, जोर लावा. मग फोन माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या तोंडाने म्हणाले, "यल्ला."

त्या माणसाने दिवसभर शहरभर रोकड पोहोचवली, कमरेला रिकामं पिस्तूल लावून. संध्याकाळी त्याने ते रागाने टेबलावर आपटलं आणि नळीचं बारीक भोक दाखवलं: सरावाचं पिस्तूल. मलाही तितकाच संताप आला.

सकाळी मालकांसमोर साहेबांनी सगळं त्याच्यावर ढकललं. ज्याला स्वतःचं हत्यार ओळखता येत नाही त्याला काढून टाका, म्हणाले. मी ते अरबीत सांगितलं. गार्ड मान वर करून साहेबांकडे बघत बोलला आणि मी ते मराठीत आणलं:

"वर्षभर तुम्हीच सांगितलंत, हातात काहीच फरक नाही. मी विश्वास ठेवला."

इतक्या वर्षांत कुठलंही भाषांतर मला एवढं गोड लागलं नव्हतं. मालकांनी मला विचारलं की फोटोनंतर पिस्तुलं कपाटात कोणी लावली. माझ्या इकाम्याच्या कागदांवर साहेबांची सही लागायची, तरी मी बोट दाखवलं. गार्डची नोकरी राहिली. साहेबांनी माफी मागितली नाही, फक्त पट्टीचा रंग बदलून निळा केला.

पुढच्या आठवड्यात साहेबांना स्वतः गाडीतून फेरीला जायचं होतं, सोबतीला नेमका तोच गार्ड. गाडी सुरू झाली, आणि साहेब उतरून माझ्या दाराशी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "जरा बघता का, त्याच्याकडचं पिस्तूल खरंच आहे ना?"

"मला हात लावायची परवानगी नाही साहेब," मी म्हटलं. "तुम्हीच हातात घेऊन बघा."