मी उभी न केलेली गाडी

जाहिरात मी एका दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिली. बायको बँकेतून यायची होती. आमची भाईंदरच्या जेसल पार्कमधली इमारत रिडेव्हलपमेंटला गेली होती. तीन महिन्यांत घर रिकामं करायचं होतं, आणि भाड्याच्या नव्या जागेत पार्किंग मिळत नव्हतं. गाडी विकणं भाग होतं. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, त्यावर टाकायचं ठरवलं. आठ फोटो काढले आणि खाली लिहिलं: साठच्या दशकातली विलायती स्पोर्ट्स सलून, चार दारं, सहा सिलिंडर, गडद हिरवा रंग, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, अस्सल चामड्याच्या सीट, कागदपत्रं साफ.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. मी आणखी एक ओळ लिहिली, "मालकाने चार वर्षं खपून स्वतःच्या हातांनी उभी केलेली."

ओळ लिहून झाल्यावर मी ती दोनदा वाचली. खोडली नाही.

मी विमा कंपनीत मोटार क्लेम्सच्या टेबलावर अख्खी नोकरी काढली. लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे, बिलं तपासायची, कोण खोटं बोलतंय ते ओळखायचं आणि शिक्का मारायचा. दरवाजा, बोनेट, चॅसी, सगळे शब्द मला तोंडपाठ, पण हातात पाना कधी धरला नाही. रिटायर झालो त्या वर्षी एका ओळखीच्याने सांगितलं की उत्तनच्या पुढे तारोडीला एका बंद बंगल्याच्या आवारात ताडपत्रीखाली जुनी विलायती गाडी सडतेय. बघायला गेलो आणि घेऊन आलो. समुद्राच्या खाऱ्या हवेने दारांचा खालचा पत्रा खाऊन टाकला होता. फ्लोअरला भोकं होती, त्यातून खालचं गवत दिसत होतं. पण तिचं नाक, ती पुढची गोल जाळी आणि बोनेटवरून मागे उतरत जाणारी रेष बघून मला वाटलं, आयुष्यात एक तरी गोष्ट अशी व्हावी की जी नुसती कागदावर नसेल.

गाडी ज्याने उभी केली तो मिस्त्री चेण्याचा. घोडबंदर रोडला लागून त्याची पत्र्याची शेड आहे. घरची भातशेती होती, ती बापाच्या वेळीच गेली. हा पोरवयापासून डेंटिंग-पेंटिंगमध्ये. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. पहिल्या दिवशी त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टकटक केलं आणि म्हणाला, "इथं पत्रा हाय. इथं पुट्टी हाय. आन् इथं निस्ता रंग हाय साहेब, मागं कायच न्हाय."

"होईल का?" मी विचारलं.

"होल. पन घाई कराची न्हाय."

चार वर्षं लागली. रोजची कामं, म्हणजे टेम्पोचे बंपर, रिक्षांचे मडगार्ड, ती संपली की तो हिच्याकडे वळायचा. दारांचे खालचे भाग कुठेच मिळत नव्हते. त्याने ते सपाट पत्र्यातून स्वतः ठोकून काढले. दोन्ही कार्बोरेटर खोलून टेबलावर मांडले, आणि कुठला स्क्रू कुठला हे त्याला कागदावर लिहून ठेवावं लागलं नाही. मी दर शनिवारी जायचो, चहा आणि वडापाव घेऊन. बसायचो, बघायचो, प्रश्न विचारायचो. एकदा हौस म्हणून डॅशबोर्डची एक लाकडी पट्टी घरी आणली आणि चार दिवस पॉलिश पेपरने घासली. बायको म्हणाली, "अहो, धूळ होतेय सगळी." ती पट्टी मी मोठ्या कौतुकाने परत नेली. पुढे कधीतरी लक्षात आलं की मिस्त्रीने ती पुन्हा मुळापासून घासून पॉलिश केली होती. माझ्या हातून मधे खड्डा पडला होता. त्याबद्दल तो मला एका शब्दाने बोलला नाही.

तर अशा माणसाला मी एका ओळीत पुसून टाकलं होतं.

जाहिरात टाकल्यावर दोन तासांत लोक लिहायला लागले. "सर, हॅट्स ऑफ." "या वयात एवढी मेहनत!" "हातात जादू आहे तुमच्या." सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी ती पुढे पाठवली आणि लिफ्टमध्ये शेजारचे गुजराती भाई म्हणाले, "क्या बात है अंकल, आप तो छुपे रुस्तम निकले." मी हसलो आणि म्हटलं, "बस, शौक है." खोटं एकदा लिहिलं की पुढचं आपोआप बोललं जातं. मला फार बरं वाटत होतं, हे इथे कबूल केलं पाहिजे. नोकरीत इतकी वर्षं काढली, पण माझ्या हातांबद्दल कोणी काही म्हटलं नव्हतं.

दहा दिवसांनी नाशिकहून एक बाई गाडी बघायला आल्या. पन्नाशीच्या, साध्या कॉटनच्या कुर्त्यात, एकट्या. त्यांचा स्वतःचा दवाखाना होता. सकाळी गाडी गरम करून ठेवायला मी मिस्त्रीला बोलावून घेतलं होतं, कारण ते दोन कार्बोरेटर त्याच्याशिवाय कोणाचं ऐकत नसत. तो सोसायटीच्या आवारात बोनेट उघडून उभा होता. बाई आल्या तशी त्यांनी विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, "हे मदतीला असतात."

मिस्त्रीने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि परत इंजिनात डोकं घातलं.

बाईंनी पर्समधून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं. दाराच्या खालच्या कडेवरून ते हळूहळू फिरवत गेल्या. पुट्टी भरलेली असली की चुंबक सुटतं. इथे ते कुठेच सुटेना. चारही दारं झाली. त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

"हे नवीन पत्र्यातून काढलंय?"

"हो," मी म्हणालो.

"ही घडी आहे ना, आतून वळलेली, ही लाकडावर ठोकली की आणखी कशावर? माझ्या वडिलांना हे कधी जमलं नाही. प्रत्येक वेळी पत्रा ताणला जायचा."

मी तिथे हजर होतो. माझ्या डोळ्यांसमोर ते काम झालं होतं, आणि मला आठवेना. तेव्हा मी बहुतेक मोबाइल बघत असेन. "लाकडावर," मी ठोकून दिलं.

बोनेटमागून आवाज आला, "वालूच्या पिशवीवर. पयली वालूवर, मंग कडेला लाकडावर." आणि वर, "साहेबांनी सांगितला तसा केला."

त्याने मला वाचवलं. एवढ्या सहज वाचवलं की बाईंना काही खटकलंही नाही. आता खरं बोलायला याच्यापेक्षा चांगली वेळ येणार नव्हती. मी पुढचं दार उघडून त्यांना डॅशबोर्ड दाखवायला लागलो.

बाईंनी गाडी घ्यायचं तिथल्या तिथे ठरवलं. मग म्हणाल्या, "खरं सांगू? मी गाडीपेक्षा माणूस शोधत होते. माझ्या वडिलांच्या अशाच दोन गाड्या घरी पडून आहेत. तीन गॅरेजवाल्यांनी त्यांची वाट लावली. तुम्ही कराल का? तुमच्या सवडीने, दोन वर्षं लागोत, चार लागोत."

आम्ही तिघं दोन हातांच्या अंतरावर उभे होतो. मिस्त्रीच्या हातात फडकं होतं आणि ते थांबलं होतं.

मी म्हणालो, "नाही हो. आता वय झालं. हे शेवटचं."

फडकं पुन्हा चालू झालं.

बाई त्याच दिवशी गाडी घेऊन गेल्या. संध्याकाळी बायको भाजी निवडत होती. सकाळी ती गॅलरीत उभी होती हे मला माहीत नव्हतं. मान वर न करता तिने विचारलं, "मदतीला म्हणजे काय हो?"

"तसं म्हणायची पद्धत असते."

"चार वर्षं तुम्ही दर शनिवारी घरी येऊन सांगायचात, आज मिस्त्रीने हे केलं, आज ते केलं. मी ऐकत होते ना. आणि त्या बाई एवढं काम देत होत्या. त्याचं काम होतं ते. तुम्ही नाही म्हणणारे कोण?"

मी म्हटलं, बाईंना मी सांगतो फोन करून. तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि आत गेली. मी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घर हलवायचं निमित्त मिळालं, खोकी बांधण्यात सात आठवडे गेले. रोज सकाळी वाटायचं आज करू, आणि रोज अकरा वाजेपर्यंत काहीतरी कारण सापडायचं. दुसऱ्यांची असली कारणं मी शिक्का मारून नामंजूर करत आलो होतो.

शेवटी एक दिवस रिक्षा केली आणि चेण्याला गेलो. मिस्त्री एका टेम्पोच्या दरवाजावर काम करत होता. मला बघून उठला, हात पुसले, "या साहेब" म्हणाला. पूर्वीसारखंच. मी वाक्यं ठरवून गेलो होतो, ती सगळी गेली.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "त्या जाहिरातीत मी..."

"वाचली मी," तो म्हणाला. "पोरीनं मोबाइलवर दाखवली. घरात सगल्यांसमोर मोठ्यानं वाचली तिनं." तो टेम्पोच्या दारावर हात फिरवत होता, पत्र्याचा उंचवटा शोधत असल्यासारखा. "मंग बायको मना विचारते, गारी साहेबांनी केली, तं तू चार वरसं कुठं जात व्हतास?"

तो हे हसत म्हणाला. मला हसता आलं नाही. मी विचारलं,

"मग त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत? वर माझंच नाव पुढे केलंत."

"तुमच्या दारात उभा व्हतो. तुमच्या दारात तुमाला खोटा पाराचा?" तो म्हणाला. मग, "मना वाटला, दोन गाऱ्यांचा इषय निंघाला तवा तरी बोलाल."

मी खिशातून मोबाइल काढला. "आत्ता लावतो त्यांना. तुमच्यासमोर."

"माज्यासमोर नको." पहिल्यांदाच त्याचा आवाज कडक झाला. "मी काम मागाला लावला असा वाटंल. तुमाला लावाचा तं घरी जाऊन लावा."

घरी जाऊन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "लाज वाटली."

"आणि नंतरचे दोन महिने?"

"त्याचीच लाज वाढत गेली."

त्या म्हणाल्या की दोन्ही गाड्या गेल्याच महिन्यात कोल्हापूरच्या एका वर्कशॉपला गेल्या. काम सुरू झालंय, आता परत आणता येणार नाहीत. मग त्यांनी मिस्त्रीचा नंबर मागितला. मी सांगितला, त्यांनी लिहून घेतला. शेवटी म्हणाल्या, "गाडी उत्तम आहे. पण तुम्ही सांगितलेलं आणखी काय काय मी खरं धरून चाललेय, याचा आता मला विचार करावा लागेल." फोन ठेवताना त्यांनी नमस्कार केला नाही. मला त्याचं वाईट वाटलं आणि मग वाईट वाटल्याचीही लाज वाटली.

बाई मिस्त्रीला अधूनमधून फोन करतात, हे मला त्याच्याकडूनच कळतं. गाडी सकाळी खाकरते, काच अर्ध्यावर अडकते, असं काही असलं की तो फोनवरून सांगतो, तसं केलं की होतं. एकदा त्यांनी त्याला नाशिकला बोलावून घेतलं, दोन दिवस ठेवून घेतलं, घरी जेवायला बसवलं. पण त्या दोन गाड्या कोल्हापूरलाच आहेत. मिस्त्री टेम्पो आणि रिक्षाच करतोय. मी अजून जातो त्याच्याकडे, महिन्यातून एखाद्या वेळी. तो चहा पाजतो, माझ्या गुडघ्याची चौकशी करतो. मात्र हातातलं काम उचलून "साहेब, हे बघा" असं दाखवत नाही. पूर्वी दाखवायचा.

ग्रुपवर मी नवी पोस्ट टाकली, गाडी कोणी केली ते सरळ लिहून. जुन्या जाहिरातीला शेकडो लोकांनी अंगठे दिले होते, हिला अकरा मिळाले. त्यातला एक माझ्या बायकोचा होता.

आता कोणी गाडीचा विषय काढला की मी आधीच सांगून टाकतो: मी फक्त घेतली आणि बघत बसलो, केली दुसऱ्याने. बोलायला सोपं वाक्य आहे. तरी गेल्या महिन्यात भाईंदर पश्चिमेला एका लग्नात लांबच्या मेहुण्याने माझी ओळख करून दिली, "यांनी विलायती गाडी उभी केली बरं का, स्वतः!" समोरच्या गृहस्थांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, "वा! कमाल आहे तुमची." मी त्यांना खरं सांगितलं, पण लगेच नाही. त्यांचं सगळं कौतुक बोलून होईपर्यंत मी थांबलो होतो.