पत्र्यापलीकडची

पॉप रिव्हेट ज्यानं शोधून काढली, त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा. मारणार नाही. एकच विचारायचंय, तुला दुसऱ्या माणसाची एवढी काय अडचण झाली होती?

वाळूजला बसच्या बॉड्या बांधणाऱ्या एका शेडमध्ये मी कामाला आहे. दिवसभर पत्र्याला पत्रा जोडायच्या पॉप रिव्हेटा मारते. भोकात रिव्हेट घालायची, हातातल्या यंत्राचा खटका दाबायचा. आतली तार ओढली जाते, पत्र्याच्या पलीकडं फुगवटा धरतो आणि तार टक्कन तुटून खाली पडते. झालं काम. पलीकडं कुणी लागत नाही. संध्याकाळपर्यंत शेडभर तुटक्या तारांचा सडा पडतो, त्या चपलेत रुततात, आणि बजाजनगरला घरी पोचले की आई दारातूनच ओरडते, "पायरीवर झटकून ये तुझा कारखाना!"

मालकाला ही रिव्हेट फार लाडकी. का नसेल? जिथं दोघं लागायचे तिथं एक पुरतो. त्यावर मी एक पत्रक लिहिलं होतं, मथळा होता 'दुसरा हात कुठं गेला?' कंत्राटी कामगारांच्या आमच्या गटात लिहायचं काम माझ्याकडं असतं. पाळी सुटताना गेटवर उभं राहून वाटायचंही. पत्रकात मी जाब विचारते, मागण्या मांडते, कुणाची झोप उडेल असं काहीबाही लिहिते. मला एका माणसाची आठवण येते, हे पत्रकात लिहायची सोय नाही. म्हणून ते इथं.

मी शिकले विमानाचा पत्रा दुरुस्त करायला. विमानतळाच्या भिंतीला लागून एक खासगी संस्था होती, तिच्या शेडमध्ये एका जुन्या विमानाचा पंख आणि पोटाचा एक तुकडा ठेवलेला. तोच आम्ही वर्षभर फाडायचो आणि तोच सांधायचो. भिंतीपलीकडून खरं विमान उडालं की सगळा वर्ग हातातलं काम टाकून दारात. शिकवायला हवाई दलातून निवृत्त झालेले सर होते. पॉप रिव्हेट तेव्हाही होती. मागून हातच पोचत नाही अशा जागी विमानातही एकतर्फी रिव्हेट चालते. पण सर तिचं नाव घेताना तोंड असं करायचे, जसं घरी दूध नासलंय.

खरी रिव्हेट म्हणजे अल्युमिनियमची भरीव खुंटी. एका टोकाला तयार डोकं. ती दोन पत्र्यांच्या भोकातून आरपार घालायची. डोक्याच्या बाजूनं एक जण हवेवरची गन लावून ठोकणार. पलीकडं दुसरा जण तिच्या शेपटीवर पोलादाचा जड ठोकळा दाबून धरणार. गनच्या माऱ्यानं शेपटी ठोकळ्यावर चेपत जाते आणि तिकडं दुसरं डोकं तयार होतं. दोन डोक्यांच्या मधे पत्रे असे आवळले जातात की वारा म्हणेल माफ करा.

गन माझ्याकडं होती. ठोकळा तिच्याकडं.

ती शेंद्र्याकडची. घरी मेंढरं, थोडी जमीन, मोठा भाऊ नव्या वसाहतीतल्या एका कारखान्यात. तिचे हात इतके बारीक की पंखाखालच्या तपासणीच्या भोकातून कोपरापर्यंत आत जायचे, म्हणून सरांनी तिला आतल्या बाजूला घातलं. ठोकळ्याला इंग्रजीत बार म्हणतात. पहिल्याच दिवशी सर भोळेपणानं म्हणाले, "तू गनवाली, आणि तू बारवाली." वर्गातली पोरं फिदीफिदी हसली. सरांना कळलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. मी पोरांवर तुटून पडणार होते, तेवढ्यात तीच वळून म्हणाली, "हसा लेकाहो. बार पायावर पडला ना, मंग सांगा कसा वाटतो नाच." त्यानंतर कुणी हसलं नाही. मी मात्र तिच्यावरच चिडले. म्हटलं, अशा वेळी तक्रार करायची असते. ती म्हणाली, "तक्रार करून काय झालं असतं? आता ठोकळा उचलून देत्यात."

काम करताना आम्ही एकमेकींना दिसायचो नाही. मधे पत्रा. कानांवर आवाज अडवणाऱ्या वाट्या, त्यात गनचा तडतडाट. हाक मारून उपयोग नाही. मग बोलायचं ठोक्यांनी. ही आमची शक्कल नव्हे, या धंद्यात सगळे असंच बोलतात. मी गन थांबवली की ती आतून ठोकळ्यानं पत्र्यावर सांगणार. एक ठोका म्हणजे अजून मार. दोन म्हणजे बसली, हात उचल, पुढच्या भोकावर जा. तीन म्हणजे बाद, पोखरून काढ आणि नवी घाल.

गंमत बघा. माझ्या बाजूला जे डोकं होतं ते कारखान्यातूनच गोल गरगरीत होऊन आलेलं. ते काय सांगणार मला? खरं जे घडायचं ते पलीकडं घडायचं, आणि ते फक्त तिला दिसायचं. मी जन्मात कुणाचं एवढं ऐकलेलं नाही. आमच्या गटातल्या कुणालाही विचारा. पण पत्र्यातून दोन ठोके आले की माझा हात उठायचाच. सुरुवातीला उठत नव्हता, हेही खरं. मला वाटायचं, अजून एक घाव, पक्कं होईल. जास्त मारलं की तिकडचं डोकं पसरून चपटं होतं, कडेला चिरा पडतात. मग तीन ठोके, आणि कानांवरच्या वाट्या काढल्या की पलीकडून तिचा आवाज, "मारली का न्हाई जीवानिशी!" सर म्हणायचे, "बेटा, गन आहे ती, भाषण नाही. ती थांब म्हणाली की थांबायचं."

आणखी एक सांगते, मग पुढं जाते. काही जातीच्या रिव्हेटा भट्टीतून काढून गार केल्या की थोडा वेळ मऊ असतात, मग पडल्या पडल्या कडक होत जातात. म्हणून त्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या आणि बाहेर काढल्या की लगेच मारायच्या. संस्थेत त्यासाठी एक जुनाट फ्रीज होता. एप्रिलमधल्या एका दुपारी सरांनी रिव्हेटांचा डबा काढायला दार उघडलं, तर शेजारी ताकाची बाटली.

"ये किसका है?"

"माझं, सर," ती म्हणाली. "बाहेर ठेवलं तर आंबतंय. रिव्हेटीवानीच हाये त्याचं."

सरांनी ते जप्त केलं आणि थोड्या वेळानं अर्धी बाटली परत दिली. उरलेलं आम्ही दोघींनी पंखाच्या सावलीत बसून प्यायलं. मी तेव्हा कशावरून तरी तावातावानं बोलत होते, बहुतेक संस्थेतल्या मुलींच्या संडासावरून. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तुला बी फ्रिजात ठेवाय पायजे. लई लौकर कडक होती तू."

ते ताक मला अजून आठवतं. जिरं जास्त झालं होतं.

वर्ष संपताना हैदराबादहून एका दुरुस्ती कंपनीची माणसं आली. जोड्याजोड्यांनी परीक्षा घेतली. आमची रिव्हेटांची रांग त्यांनी मागूनपुढून बघितली, मापं लावली, मान हलवली. दोन्हीकडून स्वच्छ. आणि निवडलं एकीला. तिला.

मी त्या साहेबाला वऱ्हांड्यात गाठलं. "सर, काम दोघींचं होतं. अर्धी जोडी कशी उचलता?"

"जागा एकच होती, मॅडम."

जागा एकच होती! म्हणजे दोन माणसांच्या कामाची परीक्षा घ्यायची आणि जागा एक आणायची. खुर्ची घ्यायला जायचं आणि दोनच पाय घेऊन यायचं. माझं पहिलं पत्रक ते. रात्रीतून लिहिलं, औरंगपुऱ्यातून झेरॉक्स काढून आणलं आणि संस्थेच्या दारात वाटलं. तिच्याही हातात दिलं. तिनं सगळं वाचलं, घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि म्हणाली, "ह्यात माझं नाव नाय ना कुठं? मंग बरं हाये. मला जायचंय गं."

ती गेली. मी दोनतीन ठिकाणी अर्ज केले, जमलं नाही, वाळूजचं काम मिळालं ते धरलं. संस्था नंतर बंद पडली. तो पंख कुणी नेला कळलं नाही. फोन व्हायचे आमचे, पण फोनवर ती बोलणारी नव्हे. "व्हय," "नाय," "जेवलीस का." मी तासभर बोलायची.

यंदा भावाच्या लग्नाला ती आली. मी शेंद्र्याला गेले. मांडव निघालेला, अंगणात पत्रावळ्यांचा ढीग, आणि तिची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतेय, "माझी लेक इमानं नीट करती." तिच्याकडं विमानाला इमानच म्हणतात. मी म्हटलं, "मावशी, आणि ज्यांचं इमान राहिलं नाही त्यांना पण नीट करते का?" मावशी म्हणाली, "तुझं सुरू झालं का? खाय आधी."

मागं मेंढरांच्या वाड्याजवळ आम्ही बसलो. तिच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं. ठोकळा सटकला की पडतं तसं. मला त्या नखाचा हेवा वाटला. सांगून टाकते, खोटं कशाला.

"तिथं गनवर कोण असतं गं?"

"केरळचा एक पोरगा हाये. लई गुणी. बोलतच नाय."

"थांबतो का?"

"दोन ठोक्याला हात उचलतो. तुझ्यावानी नाय."

मी म्हटलं, मी पण उचलायची. ती म्हणाली, शेवटी शेवटी.

मग मी विचारायचं ते विचारलं. गेलं वर्षभर मी हेच मनात घोळवत होते. बजाजनगरच्या मागं एक रिकामी शेड आहे. अपघातात चेपलेल्या बसचे पत्रे दुरुस्तीला द्यायला दोन बसमालक तयार आहेत. पॉप रिव्हेट नाही मारायची, भरीव मारायची. दोन पोरी हाताखाली शिकवायला घेऊ. परत ये. मी सलग बोलत होते. हात हलवत होते, गेटवर बोलते तसे.

तिनं ऐकून घेतलं. "आन इमान?"

"बस आहेत की."

"बस उडती का गं?"

"तू येणार का ते सांग."

तिनं एक काडी मोडली, मेंढरांकडं बघितलं. "जायच्या दिवशी स्टँडवर ये. गाडीत बसले की सांगती. हितं सांगितलं तर तू सभा भरवशील."

त्या सकाळी मी अर्धी सुट्टी टाकून स्टँडवर गेले. भाऊ तिला मोटारसायकलवर सोडून निघून गेला होता. हैदराबादची लाल गाडी लागलेली. ती आत खिडकीपाशी बसली, पण काच सरकेना. तिनं दोन्ही हातांनी ओढली, शेजारच्या आजोबांनी ओढली, मी बाहेरून ढकलली. गच्च. इंजिन सुरू झालं. ती काहीतरी बोलली ते मला ऐकू आलं नाही, मी बोलले ते तिला. मी खुणेनं विचारलं, येणार? नाही येणार?

ती एकदम हसली. पर्समधून खोलीची किल्ली काढली आणि खाली वाकली. खिडकीच्या चौकटीखाली गेली, दिसेनाशी झाली.

मी तळवा पत्र्यावर ठेवला. गाडीची थरथर होती, पत्रा धुळीनं माखलेला, बोटाखाली रिव्हेटांची रांग लागत होती. म्हटलं, एकच दे. एक म्हणजे अजून व्हायचंय. एक म्हणजे तू मार, मी धरलंय.

ठोका आला. किल्लीचा, बारीक, पण तिचाच. ठोकळा टेकवायची तशीच, आधी टेकवून मग मारलेला.

मग दुसरा.

तिसरा येतो की काय, म्हणून मी तळवा आणखी दाबून धरला. गाडी मागं सरकायला लागली, कंडक्टर पत्रा बडवत ओरडायला लागला, त्याचे ठोके वेगळे, आडमुठे. तिच्याकडून तिसरा आला नाही. ती परत वर येऊन बसली होती आणि काचेतून माझ्याकडं बघत होती. डोळे पुसत नव्हती. पुसायला हवे होते.

दोन. बसली. पुढच्या भोकावर जा.

मला भांडायचं होतं. मुद्दे तयार होते माझ्याकडं, दोन्ही बाजूंनी छापता येतील एवढे. पण पलीकडं काय तयार झालंय ते तिला दिसत होतं, मला नाही. अजून एक घाव घातला असता तर कडेला चीर गेली असती.

मी हात उचलला.