यादीत नसलेला फोन

शुद्धलेखनाच्या चुका असतील आणि अक्षर तर कोंबडीचे पाय आहे, तेव्हा या वहीनं मला माफ करावं. चौथीनंतर शाळा सुटली.

मी गोधड्या शिवते. शिवलेली गोधडी गिऱ्हाईक घेऊन जातं. माझ्याजवळ उरतो तो फोटो. सुनेनं, रेखानं, ते सगळे इंटरनेटवरच्या एका फुकट खात्यात ठेवलेत. परवा माझ्या नव्या फोनवर ते उघडेचनात. पडद्यावर यादी आली: मुलाचा फोन, रेखाचा फोन, लॅपटॉप. फुकटात तीनच चालतात म्हणे.

"आई, माझ्या फोनवर बघत जा ना," मुलगा म्हणाला.

मी एरवी बोलत नाही, पण तोंडून निघून गेलं, "टाके माझे, आणि बघायला तुझी परवानगी?"

"घ्या! आज आई बोलल्या," म्हणत रेखा हसली.

गोधडीत आणखी एका चिंधीला जागा नाही, असं कधी होत नाही. बाई मात्र स्वतःच्याच कामाच्या यादीतून सहज गळते.

रेखानं वाटा सांगितल्या: दरमहा पैसे भरायचे, दुसरं खातं काढायचं, नाहीतर फोनला लागणारा पेन ड्राइव्ह घ्यायचा. मी पेन ड्राइव्ह निवडला. पैसे तिनं घातले, फोटोही तिनंच त्यात उतरवून दिले. आता माझ्या सगळ्या गोधड्या माझ्या मुठीत मावतात.

आज एका गोधडीचे पैसे आले. "राहू द्या हो आई," रेखा म्हणत होती. मी ऐकलं नाही. तिचे सगळे पैसे तिच्या हातावर मोजून ठेवले.